मोगचं नाव कुणाचं? ॲनालॉग सिंथेसायझरच्या बाजारयुद्धाची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, कर्नलसाहेब रस्ता चुकले. युद्धं, किल्ले, तारायंत्र हे सगळं सोडून आज एकदम वाजवायची पेटी? पण आधी दोन छोट्या गोष्टी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट. मी निवृत्त झालो त्या संध्याकाळी एक जवान स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आला. नावाची पितळी पाटी काढायची होती, कारण सकाळी नवे साहेब येणार होते. त्याने अदबीनं विचारलं, "साहब, प्लेट ले जाएँगे?" मी हो म्हणालो. चार स्क्रू निघाले आणि पस्तीस वर्षांचं नाव माझ्या हातात आलं. वजन जेमतेम दोनशे ग्रॅम.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीची. माझा पुतण्या बंगळुरूला असतो. त्याने कुणाकडून तरी सत्तरच्या दशकातला एक जुना सिंथेसायझर विकत घेतला. महिन्याभरात फोन आला. "काका, हा सकाळी सुरात असतो आणि दुपारी बेसूर होतो. तुम्ही सिग्नल्सवाले ना, बघा जरा." मी गेलो, झाकण उघडलं आणि हसायलाच आलं. आत ऑसिलेटर होते. तरुणपणी ज्या रेडिओ सेटांवर मी रात्री जागवल्या, त्यांचेच हे चुलतभाऊ. उन्हात सेट तापला की फ्रिक्वेन्सी सरकायची आणि पलीकडचा माणूस हरवायचा. या वाद्यालाही तोच आजार होता. तेव्हापासून मी या यंत्रांचा इतिहास वाचत सुटलो. वाचता वाचता लक्षात आलं की ही यंत्रांची गोष्ट तर आहेच, पण त्याहून जास्त ती नावाची गोष्ट आहे. ज्या माणसांनी ही यंत्रं बनवली, त्यांतल्या बहुतेकांच्या दारावरची पाटी कुणीतरी काढून नेली. काहींना ती परत मिळाली. कशी, ते आज बघू.

आवाज बनतो कसा?

आधी थोडं तंत्र. घाबरू नका, दोन मिनिटांत संपतं.

पेटीत हवा पट्टीवरून जाते आणि पट्टी थरथरते. सतारीत तार थरथरते. ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये वीजच थरथरते. ऑसिलेटर नावाचा भाग ही थरथर निर्माण करतो. तिचा कच्चा आवाज कर्कश असतो, भोंग्यासारखा. मग येतो फिल्टर. तोंडाने "आऽऽ" म्हणा आणि तळहात तोंडावर ठेवून हळूहळू बाजूला काढा. आवाज बंद-मोकळा, बंद-मोकळा होतो ना? फिल्टर तेच करतो, आवाजातली वरची धार कापतो. शेवटी ॲम्प्लिफायर ठरवतो की आवाज किती मोठा, तो एकदम सुरू होणार की हळूहळू फुलणार.

आता खरी कल्पना. हे तिन्ही भाग हाताने बटणं फिरवून चालवण्याऐवजी विजेच्या दाबाने, म्हणजे व्होल्टेजने चालवायचे. एक व्होल्ट वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर जाणार. मग पट्टी दाबली की व्होल्टेज बदलतं आणि सूर बदलतो. एक भाग दुसऱ्या भागाला हुकूम देऊ शकतो. सैन्यात जिला आपण कमांड चेन म्हणतो, ती इथे तारेतून चालते.

ही कल्पना व्यवहारात आणणाऱ्यांत अग्रणी होता रॉबर्ट मोग. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण मूग म्हणतो, डाळीतला. पण तो स्वतःचं नाव "मोग" असं उच्चारायचा. गोव्याच्या मंडळींना हे ऐकून आनंद होईल, कारण कोकणीत मोग म्हणजे प्रेम.

एक अभियंता, एक संगीतकार

मोगचा जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कचा. पोरवयातच त्याला थेरेमिन नावाच्या वाद्याने झपाटलं. हे वाद्य हात न लावता वाजतं, नुसते हात हवेत हलवायचे. तरुणपणी वडिलांबरोबर त्याने थेरेमिन बनवून विकायचा उद्योग सुरू केला. १९६३ मध्ये त्याची हर्बर्ट डॉइच या संगीतकाराशी गाठ पडली. डॉइचला नवे आवाज हवे होते आणि मोगला सर्किट येत होतं. १९६४ मध्ये दोघांनी मिळून पहिला नमुना उभा केला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ध्वनी अभियंत्यांच्या अधिवेशनात मोगने आपले भाग मांडले. कारखाना होता न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या छोट्याशा गावात.

जवळपास त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोत, डॉन बुक्ला हेच काम वेगळ्या वाटेने करत होता. मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमॉन सेंडर या संगीतकारांसाठी त्याने यंत्र बनवलं. फरक स्वभावाचा होता. बुक्लाला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नकोच होत्या. त्याचं म्हणणं असं की नवं वाद्य आहे, मग त्याला जुन्या पियानोचा लगाम कशाला? तत्त्व म्हणून ते बरोबरच होतं. मोगने मात्र पट्ट्या लावल्या आणि बाजार त्याच्याकडे गेला. लोकांच्या बोटांना जे ओळखीचं होतं, ते त्याने हातात दिलं. लष्करी भाषेत सांगायचं तर बुक्लाने डोंगरमाथा घेतला आणि मोगने रस्ता घेतला. रसद रस्त्यावरून जाते.

१९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी मोगच्या यंत्रावर बाखच्या रचना वाजवून "स्विच्ड-ऑन बाख" ही तबकडी काढली. यंत्र एका वेळी एकच सूर वाजवायचं, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी वाजवून टेपवर एकावर एक चढवावी लागली. त्या तबकडीला १९७० मध्ये तीन ग्रॅमी मिळाले. तोवर सिंथेसायझर म्हणजे प्रयोगशाळेतला खेळ होता. आता प्रत्येक स्टुडिओला तो हवासा वाटू लागला.

अहमदाबादचं पाहुणं यंत्र

हे सगळं सातासमुद्रापार घडत होतं असं समजू नका. १९६९ मध्ये मोगचं एक मोठं यंत्र अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आलं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते बसवून दिलं. त्यामागे होत्या गीता साराभाई. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला याच बाईंनी जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. अहमदाबादच्या त्या स्टुडिओत काही वर्षं भारतीय मंडळींनी प्रयोग केले, टेप भरल्या. मग काम थांबलं आणि टेपा कपाटात गेल्या. २०१७ च्या सुमारास पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या संस्थेच्या संग्रहात सापडल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बडोदा-अहमदाबादकडची आपली मराठी मंडळी हा भाग बघतात. तुमच्या गावाशेजारी, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, असलं काही सुरू होतं, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं.

मोगविरुद्ध एआरपी

आता मुख्य लढाई.

मोगच्या यंत्राला एक दुखणं होतं, माझ्या पुतण्याच्या वाद्याचंच. उष्णता वाढली की ऑसिलेटर सरकायचे. मैफिलीत दिव्यांच्या झोतात तर विचारायलाच नको. हे हेरलं ॲलन रॉबर्ट पर्लमन यांनी. हे गृहस्थ नासाच्या जेमिनी आणि अपोलो कार्यक्रमांसाठी ॲम्प्लिफायर बनवलेले अभियंते. अंतराळात यंत्र सरकून चालत नाही. त्यांनी सर्किटमधले जोडीचे दोन ट्रान्झिस्टर एकाच डबीत बसवले, म्हणजे एक तापला की दुसराही तेवढाच तापतो आणि चूक कटते. साधी गोष्ट, पण शत्रूच्या फळीतली नेमकी खिंड तीच होती. १९६९ मध्ये त्यांनी डेव्हिड फ्रेंड यांच्यासोबत मॅसॅच्युसेट्समध्ये कंपनी काढली. यंत्रांना नाव दिलं एआरपी, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं.

मोगच्या मोठ्या यंत्रावर तारांचं जंगल असायचं, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखं. हा भाग त्या भागाला जोडायचा तर तार खोचा. एआरपी २५०० वर तारांऐवजी सरकत्या खटक्यांच्या रांगा होत्या. १९७१ चा एआरपी २६०० तर आतून बहुतेक जोडूनच यायचा, शाळा-कॉलेजांना शिकवायला सोयीचा. "क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड" या १९७७ च्या चित्रपटात परग्रहवासीयांशी पाच सुरांत बोलतात, ते यंत्र एआरपी २५०० आहे. पडद्यावर ते वाजवणारा माणूससुद्धा कंपनीचाच अभियंता होता. आणि "स्टार वॉर्स" मधल्या त्या बुटक्या यंत्रमानवाची कुरकुर एआरपी २६०० मधून निघालेली आहे.

मोगचं उत्तर काय होतं? मिनीमोग. गंमत म्हणजे ही कल्पना खुद्द मोगची नव्हती. त्याच्या कारखान्यातल्या बिल हेमसॅथ याने पडून असलेल्या सुट्या भागांतून एक छोटं, उचलून नेता येईल असं यंत्र जोडलं. १९७० च्या शेवटी ते तयार झालं. तारा नाहीत, सगळं आतून जोडलेलं. डेव्हिड व्हॅन कोव्हरिंग नावाचा एक विक्रेता ते घेऊन गावोगाव वाद्यांच्या दुकानांत फिरला. दुकानदार म्हणाले, कोण घेणार हे? हा पठ्ठ्या रात्री क्लबांत जाऊन वादकांना यंत्र दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच दुकानात घेऊन जायचा. सिंथेसायझर दुकानात गेला तो असा. १९८१ पर्यंत मिनीमोग बारा हजारांहून जास्त विकला गेला.

एआरपीने १९७२ मध्ये त्याच्यासमोर ओडिसी उभा केला. मिनीमोगचा आवाज जाड, ओडिसीचा धारदार. मिनीमोग एका वेळी एकच सूर वाजवणार, ओडिसी दोन. वादकांत दोन तट पडले. आपल्याकडे घराण्यांवरून भांडतात ना, अगदी तसं.

या भांडणात एक बोचरा प्रसंग आहे. मोगचा खरा हिरा होता त्याचा फिल्टर. ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या, म्हणून त्याला शिडी फिल्टर म्हणतात. त्याचं पेटंट त्याला १९६९ मध्ये मिळालं. एआरपीच्या काही यंत्रांतला फिल्टर या शिडीच्या फार जवळचा निघाला. मोगच्या कंपनीने हरकत घेतली आणि एआरपीला आपला फिल्टर बदलावा लागला. नव्या फिल्टरमध्ये मोजमापाची एक चूक राहून गेली आणि वरची धार जरा लवकरच कापली जाऊ लागली. आज जुन्या यंत्रांचे शौकीन भाव ठरवताना विचारतात, फिल्टर कोणता, चाळीस-बारा की चाळीस-बहात्तर? दोन कंपन्यांच्या भांडणाची खूण पन्नास वर्षांनंतरही बाजारभावात टिकून आहे.

जिंकणाऱ्यांचं काय झालं?

आता ऐका पुढचं. बाहेरून दोन्ही सैन्यं जिंकताना दिसत होती. आतून दोन्ही पोखरली होती.

मोगच्या डोक्यावर कर्ज होतं. मिनीमोग बाजारात येतो न येतो तोच, १९७१ मध्ये, त्याला कंपनी विकावी लागली. १९७३ मध्ये ती नॉर्लिन या मोठ्या उद्योगाकडे गेली. मोग आता स्वतःच्या नावाच्या कंपनीत नोकर झाला. १९७७ मध्ये तो बाहेर पडला आणि नॉर्थ कॅरोलिनात राहायला गेला. तिथे छोटा कारखाना काढला तेव्हा दारावर "मोग" लिहायची सोय नव्हती. ते नाव विकलं गेलं होतं. नव्या कारखान्याचं नाव ठेवलं "बिग ब्रायर". विचार करा. जगभरचे वादक तुमच्या वडिलांचं आडनाव वाद्याचं नाव म्हणून घेताहेत आणि तुम्हाला स्वतःच्या वाद्यावर ते लिहिता येत नाही.

एआरपी एके काळी बाजारात मोगच्याही पुढे गेली होती. पण वरच्या मंडळींत एकमत नव्हतं. १९७७ मध्ये त्यांनी अवतार नावाचं यंत्र काढलं. होय, आपलाच शब्द. गिटारवाल्याने गिटार वाजवावी आणि आवाज सिंथेसायझरचा यावा अशी ही योजना. जगात गिटारवाले किती! एवढी बाजारपेठ मिळाली तर बाकी कुणाची गरजच नाही, असा हिशोब. पण यंत्र गिटारच्या सुरांमागे नीट धावू शकलं नाही, गिटारवाले आले नाहीत आणि त्यावर ओतलेला पैसा परत आला नाही. १९८१ मध्ये कंपनी बुडाली. नकाशावर मोठा दिसणारा मुलूख बघून सगळी राखीव फौज तिकडे धाडायची आणि मागचा तळ उघडा टाकायचा, ही चूक सेनापतींनीही केलेली आहे.

आठवण ठेवणारं यंत्र

तोवर मैदानात नवे लोक आले होते. लॉस एंजेलिसला टॉम ओबरहाइम. ते आधी एआरपीचीच यंत्रं विकायचे. १९७५ मध्ये त्यांनी चार सूर एकदम वाजवणारं यंत्र काढलं. आणि सॅन होजेत डेव्ह स्मिथ, सिक्वेन्शियल सर्किट्स ही त्यांची कंपनी. १९७८ चा त्यांचा प्रॉफेट-५ हा या कथेतला टप्पा आहे.

त्याआधीची अडचण समजून घ्या. एखादा सुंदर आवाज जमला, पण पंचवीस बटणं एका ठरावीक जागी असली तरच तो जमणार. बटणं हलली की आवाज गेला. वादक कागदावर बटणांची चित्रं काढून ठेवायचे. प्रॉफेटमध्ये मायक्रोप्रोसेसर होता. बटण दाबा, आवाज साठवला. दुसरं बटण दाबा, तोच आवाज परत. चाळीस आवाज आणि एका वेळी पाच सूर.

समुद्रापलीकडे जपानीही तयार होते. यामाहाचा सीएस-८० हे सुमारे १०० किलोचं धूड. "ब्लेड रनर" चं संगीत व्हँजेलिस यांनी त्यावर केलं. आणि ओसाकाचे इकुतारो काकेहाशी. या माणसाबद्दल मला विशेष आदर आहे. दोन वर्षांचे असताना आई-वडील क्षयाने गेले. युद्धानंतर पोरवयात घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं. मग स्वतःला क्षय झाला, काही वर्षं इस्पितळात गेली. नव्याने आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले. १९७२ मध्ये त्यांनी रोलँड ही कंपनी काढली. नाव असं निवडलं की कुठल्याही भाषेत सहज उच्चारता यावं.

रोलँडच्या दोन पेट्यांची गोष्ट सांगायलाच हवी. १९८० ची टीआर-८०८ ही तालाची आणि १९८१ ची टीबी-३०३ ही खर्जाची. ज्या गिटारवाल्याकडे साथीला बास वाजवणारा नाही त्याच्यासाठी ३०३ होती. ती फारशी चालली नाही, १९८४ मध्ये बंद झाली. जुन्या बाजारात मातीमोल भावाने विकल्या गेलेल्या याच पेट्या शिकागोतल्या पोरांनी उचलल्या आणि १९८७ च्या सुमारास ॲसिड हाउस नावाचं नवं संगीत जन्माला आलं.

पण थांबा. १९८२ मध्ये मुंबईतल्या चरणजित सिंग या वादकाने ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन रोलँड यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. हे चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणारे गृहस्थ. एचएमव्हीने तबकडी काढली, कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले जाणकार चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधीच असा आवाज मुंबईत निघाला होता! म्हातारपणी चरणजित सिंगांना परदेशात कार्यक्रमांची आमंत्रणं आली. २०१५ मध्ये ते गेले. नाव उशिरा मिळालं, पण जिवंतपणी मिळालं. त्यांच्याही आधी केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर आणला होता. तुमच्या आवडीच्या कितीतरी गाण्यांत तो आहे, फक्त श्रेयनामावलीत नाही.

तहाची बोलणी

आता माझ्या आवडीचा भाग, कारण इथे सिग्नल्स येतं.

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. मोग आणि एआरपी, दोघांकडे एक व्होल्टला एक सप्तक, पण सूर "सुरू कर" हा हुकूम द्यायची पद्धत उलटी. एआरपी व्होल्टेज चढवायची, मोग ते जमिनीला टेकवायची. यामाहा आणि कॉर्गच्या कित्येक यंत्रांत तर व्होल्टचा हिशोबच निराळा. एकाची पेटी दुसऱ्याशी बोलेना.

हे दुःख मी भोगलेलं आहे. कॅप्टन असताना एका सरावात आमच्या शेजारी दुसऱ्या तुकडीचा तळ पडला होता. अंतर तीनशे मीटर. त्यांचे सेट वेगळ्या पिढीचे, आमचे वेगळ्या. आमची गुंडी त्यांच्या भोकात बसेना. दोन्हीकडे लाखोंची यंत्रं आणि निरोप घेऊन रात्रभर एक जवान चिखलातून पळत होता. पहाटे त्याचा पाय मुरगळला. त्या दिवसापासून "स्टँडर्डायझेशन" हा शब्द मला कागदी वाटत नाही.

१९८१ मध्ये काकेहाशी यांनी हा विषय काढला आणि डेव्ह स्मिथ यांनी तो हातात घेतला. त्याच वर्षी स्मिथ यांनी आपले सहकारी चेट वुड यांच्यासह एका सामाईक भाषेचा प्रस्ताव मांडला. जपानी कंपन्या त्यात उतरल्या, दुरुस्त्या झाल्या आणि तयार झाली मिडी. हा आमचा मेसेज फॉर्मच समजा. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढंच आकड्यांत पाठवायचं. सेकंदाला ३१,२५० बिट, पाच टाचण्यांचा साधा स्वस्त प्लग. आवाज जात नाही, हुकूम जातो.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यमेळ्यात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले. एकाची पट्टी दाबली, दुसरा वाजला. एक अमेरिकन, एक जपानी, बाजारातले कट्टर प्रतिस्पर्धी.

आणि यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे या भाषेवर कुणीही हक्क सांगितला नाही. पेटंट नाही, परवाना नाही, एक रुपयाही रॉयल्टी नाही. ज्याला हवी त्याने वापरावी. म्हणून ती आजही, चाळीस वर्षांनंतर, चालते. तुमच्या नातवंडांच्या कीबोर्डमध्ये आहे, संगणकात आहे.

पण तह करणारा नेहमीच वाचतो असं नाही. त्याच १९८३ मध्ये यामाहाने डीएक्स-७ आणला. त्यात थरथरणारी वीज नव्हती, आकडेमोड होती. ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधली होती. अमेरिकन वाद्यकंपन्यांना तिचं महत्त्व कळलं नाही, यामाहाने परवाना घेतला आणि दहा वर्षं चिकाटीने काम केलं. डीएक्स-७ कधी बेसूर होत नव्हता, हलका होता आणि किंमत दोन हजार डॉलरच्या आत. लाखाच्या वर विकला गेला. ॲनालॉगवाल्यांचा तंबू उडाला. ओबरहाइमची कंपनी बुडाली, पुढे नाव गिब्सनकडे गेलं. १९८७ मध्ये सिक्वेन्शियल संपली आणि तिचं नाव यामाहाने विकत घेतलं.

सगळ्यांच्या पाट्या निघाल्या.

पाटी परत येते

पण गोष्ट इथे संपत नाही. नव्वदच्या दशकात लोकांना त्या स्वच्छ, कधी न चुकणाऱ्या आवाजाचा कंटाळा येऊ लागला. जुनी यंत्रं शोधली जाऊ लागली. ज्या सरकण्यामुळे मोगला शिव्या बसल्या, त्यालाच आता लोक "जिवंतपणा" म्हणू लागले. आणि म्हातारे अभियंते पुन्हा कामाला लागले.

२००२ मध्ये, कोर्टकज्जे करून, रॉबर्ट मोगला स्वतःचं नाव परत मिळालं. त्याने नवा मिनीमोग काढला. २००५ मध्ये तो गेला. पंचवीस वर्षं नावाशिवाय आणि तीन वर्षं नावासकट.

पर्लमन यांची एआरपी परत उभी राहिली नाही, पण २०१५ मध्ये कॉर्ग या जपानी कंपनीने, डेव्हिड फ्रेंड यांना सल्ल्याला घेऊन, ओडिसी पुन्हा बनवला. वर नाव तेच ठेवलं. पर्लमन २०१९ मध्ये गेले. आपली आद्याक्षरं पुन्हा नव्याकोऱ्या वाद्यावर आलेली त्यांना पाहायला मिळाली. त्याच २०१९ मध्ये गिब्सनने ओबरहाइम हे नाव टॉम ओबरहाइम यांना परत दिलं.

आणि सिक्वेन्शियल? २०१५ मध्ये यामाहाने ते नाव डेव्ह स्मिथ यांना परत केलं. कोर्ट नाही, भांडण नाही. मध्यस्थी केली होती इकुतारो काकेहाशी यांनी. म्हणजे रोलँडच्या संस्थापकाने, स्वतःच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडे, यामाहाकडे, शब्द टाकला. कुणासाठी? तिसऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी. काकेहाशी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दोन वर्षांनी ते गेले. डेव्ह स्मिथ २०२२ मध्ये गेले. त्याआधी त्यांनी आणि ओबरहाइम यांनी, एके काळच्या दोन स्पर्धकांनी, एकत्र वाद्य बनवलं.

मी बरीच वर्षं असं मानत आलो की प्रतिस्पर्धी म्हणजे ज्याला हरवायचं तो. या गोष्टीनंतर जरा वेगळं वाटतं. तुम्ही नेमकं काय केलंत, ते किती अवघड होतं, हे तुमच्या गिऱ्हाइकाला कळत नाही, तुमची कंपनी विकत घेणाऱ्याला तर नाहीच. ते कळतं त्याला, जो समोर बसून तीच गोष्ट तुमच्याआधी करायला धडपडत होता. म्हणून पाटी परत आणायला तोच गेला. आणि ज्या दोघांनी मिडीवर मालकीचा शिक्का मारला नाही, त्यांचीच नावं त्या भाषेशी कायमची जोडली गेली. २०१३ मध्ये त्या दोघांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळाला.

पुतण्याच्या वाद्याचं सांगायचं राहिलं. आत चार बारीक स्क्रू असतात, सूर लावायचे. वाद्य अर्धा तास तापू द्यायचं, मग हळूहळू फिरवायचे. दोन दुपारी गेल्या, पण लागला सूर. संध्याकाळी तो वाजवत बसला. मी म्हटलं, "उन्हाळ्यात परत सरकेल, तेव्हा बोलाव." तो म्हणाला, "काका, दर उन्हाळ्यात यायचं बरं का."

माझी पाटी अजून कपाटात आहे. ती भिंतीवर लावायचं आता मनात नाही. पण ज्या अधिकाऱ्याशी बढतीसाठी माझी आयुष्यभर चुरस होती, तो सध्या बेळगावला असतो. अकरा वर्षांत फोन नव्हता. गेल्या आठवड्यात केला. त्याने पहिल्या रिंगला उचलला आणि माझ्या जुन्या कॉल साइनने हाक मारली.

बरं मंडळी, आज इथेच थांबू. पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.